आईच्या गुडघ्याने निवडलेलं जहाज

सत्तराव्या वाढदिवसाला काय हवं, असं आईला विचारलं तेव्हा ती म्हणाली, "मला पाणी बघायचंय. नुसतं पाणी, चारी बाजूंनी." गुडघ्यांनी तोवर तिची बरीच ठिकाणं काढून घेतली होती. पायऱ्या असलेलं काही नको, फार चालायचं नको, रोज नवी खोली आणि रोज बॅग भरणं तर नकोच. म्हणून क्रूझ. खोली एकच राहणार आणि बंदरं आपोआप येत राहणार.

तारीख आणि मार्ग ठरला की काम संपलं, असं मला वाटलं होतं. खरं काम तिथून सुरू झालं आणि जवळजवळ तीन आठवडे पुरलं. बुकिंगच्या पानावर किती जण, किती रात्री, कुठल्या प्रकारची केबिन एवढंच विचारतात. पाय दुखणारं माणूस सोबत असेल तर जे विचारायला हवं, ते आपणच शोधून काढावं लागतं. म्हणून हे सगळं सविस्तर लिहितेय.

पहिला घोळ माणसांच्या संख्येचा. आम्ही तिघं: आई, मी आणि माझा नवरा. क्रूझचं भाडं माणशी दाखवतात, पण ते एका केबिनमध्ये दोन माणसं आहेत असं धरून. आईला स्वतंत्र केबिन घेतली तर तिला एकटीला जवळपास दोघांचं भाडं पडत होतं. याला 'सिंगल सप्लिमेंट' म्हणतात. तिघांनी एकच केबिन घेतली तर तिसऱ्या माणसाचं भाडं पहिल्या दोघांपेक्षा बरंच कमी. मात्र तो तिसरा बिछाना बहुतेक वेळा भिंतीतून किंवा छतातून खाली उघडणारा असतो आणि त्याला शिडी असते. आईला तर बेड लागणारच होता, पण आमच्यातल्या एकाने सात रात्री शिडी चढायची हेही नको होतं. त्यामुळे सोफा-कम-बेड असलेल्या केबिन शोधायच्या ठरल्या.

आणि मग एक विचित्र गोष्ट दिसली. दोन माणसं टाकली की एखादी केबिन रिकामी दिसायची, तीन टाकली की तीच केबिन गायब. साइट बिघडली असेल म्हणून मी दोन दिवस पुन्हापुन्हा बघत राहिले. शेवटी फोनवरच्या बुकिंगच्या माणसाने उलगडा केला. जहाजावरच्या प्रत्येक केबिनला संकटकाळी जमण्याची ठरलेली जागा असते आणि ठरलेली लाइफबोट असते. त्या बोटीत बसणाऱ्यांची संख्या भरत आली की त्या भागातल्या केबिनमधले तिसरे-चौथे बिछाने विकणं बंद करतात. बिछाना रिकामा असला तरी बोटीत जागा नसते. हे ऐकल्यावर माझी चिडचिड थांबली. उलट बरंच वाटलं.

केबिनचे मुख्य प्रकार चार: आतली, खिडकीवाली, बाल्कनीवाली आणि स्वीट म्हणजे सगळ्यांत मोठी, ऐसपैस. आतल्या केबिनमध्ये खिडकीच नसते, दिवा मालवला की दिवसाही मिट्ट काळोख. ज्यांना केबिन फक्त झोपायला लागते त्यांनी तीच घ्यावी, भाड्यात चांगला फरक पडतो. आमचं तसं नव्हतं. आईला दर वेळी वरच्या डेकपर्यंत जाणं जमणार नव्हतं, म्हणजे पाणी तिच्या खोलीतूनच दिसायला हवं होतं. बाल्कनी ही आमची एकमेव चैन ठरली, आणि ज्या पैशांबद्दल मला एकदाही रुखरुख वाटली नाही ते हेच.

पण बाल्कनी आणि बाल्कनीत फरक असतो. काही केबिनच्या बाहेर नेमक्या लाइफबोटी टांगलेल्या असतात. अशा केबिन स्वस्त मिळतात, आणि दृश्य अडतं हे त्यांच्या वर्णनात लिहिलेलंही असतं. दुसरी गोष्ट कुठे ठळक लिहिलेली नव्हती. खालच्या डेकवरच्या काही बाल्कन्यांना काचेऐवजी पोलादी कठडा असतो. उभं राहिलं तर समुद्र दिसतो, खुर्चीत बसलं की समोर रंगवलेला पत्रा. आई उभी किती वेळ राहणार? ती बसूनच बघणार होती. मी त्याच जहाजावर जाऊन आलेल्या लोकांनी काढलेले फोटो शोधून केबिनच्या क्रमांकावरून कठडा कसला आहे ते पाहिलं, मगच काचेच्या कठड्याची केबिन घेतली. या एका गोष्टीसाठी तीन संध्याकाळी गेल्या. गेल्या तर गेल्या.

मग जागा. जहाज लाटांवर पुढे-मागे डुलतं तेव्हा तराजूच्या दांडीसारखं होतं: टोकं वरखाली जातात, मधला भाग फारसा हलत नाही. आडव्या डोलण्याचा त्रास जितकं वर जाल तितका जास्त. म्हणून मळमळण्याची भीती असलेल्यांनी मधली आणि शक्य तितकी खालची केबिन घ्यावी, असं जाणकार सांगतात आणि ते खरंच आहे. आडवं डोलणं कमी करायला जहाजाच्या दोन्ही बाजूंना पाण्याखाली पंखांसारखी पाती असतात, स्टॅबिलायझर म्हणतात त्यांना. पुढे-मागे डुलण्यावर मात्र त्यांचा फारसा उपयोग नाही. तिथे केबिनची जागाच कामाला येते.

आमच्या बाबतीत आणखी एक कारण होतं. जहाज तीनशे मीटरच्या आसपास लांब होतं. (२०२४मध्ये सुरू झालेलं 'आयकॉन ऑफ द सीज' तर ३६५ मीटर आहे.) केबिन एका टोकाला आणि जेवणाचा हॉल दुसऱ्या टोकाला पडला, तर दिवसातून तीनदा आईची जाऊन-येऊन अर्ध्या किलोमीटरहून जास्त पायपीट. म्हणून मी डेकप्लॅन, म्हणजे जहाजाच्या मजल्यांचा नकाशा, छापून घेतला, लिफ्टवर लाल गोल केले आणि पट्टीने अंतरं मोजली. लिफ्टला अगदी चिकटूनही नको, तिथे रात्री उशिरापर्यंत माणसांची ये-जा असते. लिफ्टपासून पाच-सहा दारं सोडून, वरही केबिन आणि खालीही केबिन, अशी जागा निवडली. वर पोहण्याचा तलाव असला तर पहाटे खुर्च्या ओढल्याचा आवाज येतो, खाली नाट्यगृह असलं तर रात्री ढोल. ज्यांना हे सगळं बघायचं नसेल त्यांच्यासाठी 'गॅरंटी' केबिन असते: प्रकार आपण निवडायचा, नेमकी केबिन कंपनी देणार, आणि भाडं कमी. धडधाकट चार मित्र जात असतील तर मीही तीच घेईन.

एका प्रश्नावर मात्र घरात वाद झाला. अपंग प्रवाशांसाठी थोड्या वेगळ्या केबिन असतात. दारं रुंद, बाथरूमला उंबरठा नाही, धरायला दांडे, व्हीलचेअर वळेल एवढी जागा. मी त्यातली एक मागावी म्हणत होते. आई ठाम होती. "मी काठी घेऊन चालते ना अजून? जिला चाकाच्या खुर्चीशिवाय हलता येत नाही अशी कुणी असेल, तिची जागा मी अडवायची का?" त्या केबिन मोजक्याच असतात, त्यामुळे तिचं म्हणणं बरोबर होतं. मग आम्ही साधीच केबिन घेतली आणि विशेष गरजांचा फॉर्म भरला. न्हाणीत बसायला स्टूल आणि कमोडवर बसवायची उंच सीट, दोन्ही वेगळे पैसे न देता मिळालं. विचारलं नसतं तर कुणी सांगितलंही नसतं. नेहमीच्या केबिनच्या बाथरूमला दारातच उंच उंबरठा असतो, हेही याच फॉर्मच्या निमित्ताने कळलं. आईने घरी महिनाभर आधीच एका पाटावर चढ-उतर करून सराव केला.

पैसे भरण्याबद्दल थोडक्यात. आधी डिपॉझिट, मग निघण्याच्या दोन-तीन महिने आधी उरलेली सगळी रक्कम. त्या शेवटच्या तारखेनंतर रद्द केलं तर कापली जाणारी रक्कम पायरीपायरीने वाढत जाते आणि शेवटच्या दिवसांत हातात जवळपास काहीच येत नाही. स्वस्त दरातलं डिपॉझिट बहुधा परत न मिळणारं असतं, तेवढं नीट वाचावं. सत्तरीच्या माणसासोबत जाताना विमा तर हवाच, आणि त्यात समुद्रावरून रुग्णाला हलवण्याचा खर्च धरलेला हवा. जहाजावर दवाखाना असतो, डॉक्टर असतो, पण तिथला खर्च जहाजावरच्या आपल्या खात्यावर चढतो.

बुकिंग झालं आणि पॅकेजच्या ईमेल सुरू झाल्या. पेयांचं पॅकेज, इंटरनेटचं पॅकेज, खास रेस्टॉरंटचं, स्पाचं, फोटोंचं, आणि प्रत्येकावर "आज शेवटचा दिवस". मी घाबरून पहिल्याच आठवड्यात पेयांचं पॅकेज घेऊन टाकायला निघाले होते. नवऱ्याने थांबवलं आणि कागद-पेन आणायला लावलं.

पेयांचं पॅकेज माणशी, दर दिवशी असं असतं आणि पूर्ण प्रवासाचं घ्यावं लागतं. म्हणजे ज्या दिवशी तुम्ही सकाळी बाहेर पडून संध्याकाळी परतता त्या दिवसाचेही पैसे. दाखवलेल्या किमतीवर सेवाशुल्क वेगळं, ते साधारण १८ ते २० टक्के. आणि सर्वांत महत्त्वाची अट: एका केबिनमधल्या एका प्रौढाने मद्याचं पॅकेज घेतलं, तर अनेक कंपन्या त्याच केबिनमधल्या बाकी प्रौढांनाही ते घ्यायला लावतात. एकाच्या पॅकेजवर सगळ्यांनी पिऊ नये म्हणून ही अट. आमच्या केबिनमध्ये आई होती, जिने आयुष्यात दारूला हात लावलेला नाही, आणि मी होते, जी महिन्यातून एखादा ग्लास वाइन घेते. साधं पाणी, चहा, कॉफी, नाश्त्याचा रस हे भाड्यातच होतं. हिशेब दोन ओळींत संपला. आम्ही पॅकेज घेतलं नाही, हवं ते सुटं विकत घेतलं, आणि शेवटच्या बिलात ती रक्कम पॅकेजच्या चौथ्या हिश्श्याएवढीही नव्हती. दिवसाला पाच-सहा पेयं घेणाऱ्यांना ते पॅकेज नक्की परवडतं. फक्त आपण त्यांतले आहोत का, हे आधी स्वतःला विचारावं.

जे घ्यायचं ते निघण्यापूर्वी घ्यावं, जहाजावर तेच सहसा महाग असतं. आणि घेतल्यावरही किमतीवर लक्ष ठेवावं. आमचं इंटरनेट दोन महिन्यांनी उतरलेल्या दरात मिळालं. जुनं रद्द केलं, नवं घेतलं, दहा मिनिटांचं काम. इंटरनेट आम्ही एकाच उपकरणाचं घेतलं. एका फोनवरून बाहेर पडून दुसऱ्यावर सुरू करता येतं, त्यामुळे तिघांत पुरलं. आईने रोज संध्याकाळी माझ्या मावशीला व्हिडिओ कॉल केला आणि चेहरा अडकला नाही. पूर्वी जहाजांचं इंटरनेट जवळपास ३६,००० किलोमीटर उंचीवरच्या उपग्रहांवरून यायचं, बोलणं नेहमी अर्ध्या सेकंदाने मागे राहायचं. आता अनेक जहाजं पाचशे-साडेपाचशे किलोमीटरच्या आसपास फिरणारे स्टारलिंकचे उपग्रह वापरतात. मात्र जहाजावर चढल्याचढल्या फोन एअरप्लेन मोडवर टाकावा. समुद्रात जहाजाचं स्वतःचं मोबाइल नेटवर्क फोन पकडतो आणि त्याचं बिल घरी गेल्यावर येतं.

खात्यावर दर दिवशी माणशी टिप्स लागतात. केबिन आवरणारे, जेवण वाढणारे, पडद्यामागे भांडी आणि कपडे धुणारे यांच्यात त्या वाटल्या जातात. काही जण काउंटरवर जाऊन त्या काढायला लावतात. मला ते मुळीच पटत नाही. ती रक्कम भाड्याचाच भाग समजून आधीच बाजूला ठेवावी.

निघण्याच्या दिवशी, जहाज बंदरातच असताना, मस्टर ड्रिल झालं, म्हणजे संकटकाळी ठरलेल्या जागी जमण्याचा सराव. ते मला फार महत्त्वाचं वाटतं. पूर्वीच्या नियमानुसार प्रवासी चढल्यावर २४ तासांच्या आत सराव घेतला तरी चालायचं. १३ जानेवारी २०१२च्या रात्री इटलीच्या जिल्यो बेटाजवळ 'कोस्टा कॉन्कॉर्डिया' खडकावर आपटलं आणि ३२ माणसं गेली. त्याच संध्याकाळी चढलेल्या शेकडो प्रवाशांचा सराव तोवर झालेलाच नव्हता. १ जानेवारी २०१५पासून आंतरराष्ट्रीय नियम बदलला: सराव निघण्यापूर्वी किंवा निघताक्षणीच. सात लहान भोंगे आणि एक लांब, हा इशारा. तो ऐकला की लिफ्ट वापरायची नाही, जिन्याने जायचं.

जिन्याने. हे ऐकताच आईने माझा हात धरला. मी तिथल्या अधिकारी बाईंना विचारलं. त्यांनी शांतपणे यादी काढली आणि आईचं नाव त्यात दाखवलं. ज्यांना मदत लागेल अशा प्रवाशांची नोंद आधीपासून असते, आणि त्यांना न्यायला माणसं नेमलेली असतात. आम्ही भरलेल्या फॉर्ममुळे ते झालं होतं. त्यांनी आईला मस्टरच्या जागेपर्यंत स्वतः नेलं. आमच्या केबिनपासून दोन मजले खाली. आईने जिन्याच्या पायऱ्या मोजल्या आणि कठड्याला धरून त्या एकदा हळूहळू उतरूनही पाहिल्या. पुढच्या वेळी केबिन निवडताना मस्टरचा डेक तिथून किती मजले दूर आहे हे मी लिफ्टच्याही आधी बघेन.

चार बंदरांपैकी एका ठिकाणी जहाज धक्क्याला लागत नव्हतं. खोल पाण्यात नांगर टाकायचा आणि टेंडर म्हणजे छोट्या बोटींनी किनाऱ्यावर जायचं. मार्गाच्या तक्त्यात त्या बंदरासमोर नांगराचं बारीक चिन्ह असतं, एवढंच. जहाजाच्या पोटातल्या दारातून हलत्या बोटीत पाऊल टाकावं लागतं, आणि लाट मोठी असली तर कप्तान ते बंदर वगळतोसुद्धा. आई म्हणाली, "तुम्ही दोघं जाऊन या. मी राहते." मला ते लागलं होतं. तिच्यासाठी आलो आणि तिलाच मागे ठेवून जायचं?

संध्याकाळी परतलो तेव्हा ती केबिनमध्ये नव्हती. अख्खं जहाज बंदरात उतरलेलं असताना ती लिफ्टने वरच्या डेकवर गेली होती. एरवी जिथे खुर्ची मिळत नाही, तिथे रांगच्या रांग रिकामी. कोमट पाण्याच्या कुंडात ती गुडघ्यापर्यंत पाय बुडवून दोन तास बसली. पाण्याच्या कडेला तिला धरून बसवायला आलेल्या मुलाशी तिची इतकी गट्टी जमली, की त्याची आई कुठे असते, तो घरी किती महिन्यांनी जातो, सगळं तिला ठाऊक झालं होतं. "अगं, जहाज आपलं एकट्याचं असल्यासारखं वाटत होतं," ती म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर उन्हाची लाली होती. पुढच्या बंदरातही अर्धा दिवस ती आपणहून थांबली.

तिसऱ्या बंदरात आम्ही तिघं उतरलो, जहाजाची सहल न घेता स्वतःच गाडी ठरवून. जहाजामार्फत घेतलेल्या सहलीला उशीर झाला तर जहाज थांबतं, स्वतःच्या भटकंतीसाठी थांबत नाही. हे माहीत होतं म्हणून तासाभराची सवड ठेवली होती. सगळ्यांनी पाच वाजेपर्यंत आत यायचं होतं. आम्ही एका बागेत बसलो होतो, माझ्या फोनवर तीन वीस. आईने मनगट वर केलं. "चार वीस झालेत." मी म्हटलं, "आई, घड्याळ पुढे गेलंय तुझं." ती म्हणाली, "पहिल्या दिवशी त्यांनी सांगितलं तेव्हा लावलंय, तेव्हापासून हात लावला नाही."

माझ्या पोटात खड्डा पडला. किनाऱ्यावर फोनने तिथली वेळ आपोआप घेतली होती, आणि जहाजाची वेळ तासाने पुढे होती. नवऱ्याने गाडीवाल्याला हाक मारली, "आई, सावकाश, पण चला," म्हणत तिला हाताला धरून नेलं. पाचला दहा कमी असताना आम्ही गँगवेवर, म्हणजे जहाजात चढायच्या पुलावर होतो. राहिलो असतो तर पुढच्या बंदरापर्यंत स्वखर्चाने जावं लागलं असतं, आईला घेऊन. त्या रात्री मी फोनची आपोआप वेळ बदलण्याची सोय बंद केली. आईच्या खिळखिळ्या पट्ट्याच्या घड्याळाला मी वर्षभर नवीन घे म्हणत होते, ते बोलणंही थांबवलं.

शेवटच्या रात्री सामान टॅग लावून केबिनच्या दाराबाहेर ठेवायचं असतं, सकाळी ते धक्क्यावर मिळतं. साडेअकराला लक्षात आलं की आईच्या रक्तदाबाच्या गोळ्या मोठ्या बॅगेत गेल्या आणि बॅग केव्हाच खाली गेली. मी दार उघडून बाहेर धावणार तेवढ्यात आईने पर्समधून कागदात गुंडाळलेल्या तीन गोळ्या काढल्या. ती प्रवासात नेहमी तीन दिवसांचं औषध अंगाशी ठेवते. मी तिच्याजवळ बसून राहिले, बाल्कनीचं दार उघडं ठेवून. बाहेर काळं पाणी, आणि जहाजाच्या उजेडात पांढरा फेस मागे पळत होता. ती तासभर तिथेच होती. काही बोलली नाही.

सकाळी उतरण्यापूर्वी पुढच्या प्रवासाच्या बुकिंगच्या टेबलावरून जात होतो. जहाजावरच नोंदणी केली तर डिपॉझिट कमी लागतं, असं तिथली मुलगी सांगत होती. मी हसून नको म्हणणार होते. आईने काठी टेबलाला टेकवली, खुर्ची ओढून बसली आणि त्या मुलीसमोरचा डेकप्लॅन आपल्याकडे वळवून घेतला.

"यात मस्टरची जागा कुठे आहे," तिने मला विचारलं, "ते आधी दाखव."